डिस्क ब्रेकवाल्या इंदूवन्सं

वन्संनी ब्रेकवर पाय दिला आणि पॅडल सरळ तळाला जाऊन बसलं. कार्लेखिंडीचा उतार होता. पुढे बर्फाच्या लाद्या भरलेला टेम्पो चालला होता आणि आमची गाडी त्याच्याकडे ओढल्यासारखी धावत होती. वन्संनी पाय उचलून दाबला, पुन्हा उचलून दाबला. काही नाही.

"बालू, ब्रेक गेला," त्या म्हणाल्या. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं, तशा.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, इंदू. वय एकाहत्तर. स्टिअरिंगवर त्या. शेजारच्या सीटवर बालू, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ आणि माझा नवरा. मी मागे, लग्नात मिळालेला नारळ मांडीवर घेऊन. पोयनाडला भाच्याचं लग्न लावून आम्ही नागावला घरी परतत होतो. गाडी सासऱ्यांची, जुनी पद्मिनी. तिला आदल्याच दिवशी वन्संनी पुढच्या दोन चाकांना ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले होते.

ब्रेक का लागत नाहीत हे त्या गाडीत मला एकटीलाच माहीत होतं. मी नारळ घट्ट धरला.

"कमळ, खाली बस गो! सीटच्या खाली!" वन्सं ओरडल्या. मग त्यांनी गिअरची दांडी जोरात खाली ओढली. गाडी किंचाळली. हँडब्रेक ओढला, मागची चाकं फरफटली. टेम्पोला टेकणार एवढ्यात त्यांनी गाडी डाव्या हाताला डोंगराच्या अंगाला घातली. पत्रा दगडांवर घासत गेला आणि रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडीचं तोंड जाऊन रुतलं.

नारळ माझ्या कपाळावर फुटला. लोक खोटं समजतात, पण तसंच झालं.

आता या इंदूवन्सं कोण होत्या ते सांगते.

लग्न होऊन मी नागावच्या या घरात आले तेव्हा पहिल्या सकाळी दारात गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. पायांत जोडवी होती. मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "इंदू हाय ती. माहेरपनाला आलीय." माझ्या लग्नाला आलेली नणंद माझ्याकडे बघायच्या आधी गाडीखाली गेली होती. सासऱ्यांचं रस्त्याला लागून गॅरेज होतं. मुलगा शाळेत रमायचा, मुलगी पान्यात. त्यामुळे बापाने जे शिकवायचं ते मुलीला शिकवलं आणि तिचं लग्न मुंबईला करून दिलं. गाडी मुलाला ठेवली. त्यातली गंमत मला पुष्कळ वर्षं कळली नाही.

नवरा गेल्यावर वन्सं कायमच्या नागावला आल्या. साठी उलटलेली. एक ट्रंक आणली. मी समजले साड्या असतील. ट्रंकेत पाने होते, फडक्यांत गुंडाळलेले.

तेव्हापासून घरात दोन माणसं बोलत आणि तिसरी ऐके. ऐकणारी मी. सकाळचा चहा झाला की भाऊ-बहीण अंगणात. कार्बोरेटर, क्लच, बूट, लाइनर. मी चौथी शिकले, पण ते पुस्तक मला कोणी कधी उघडून दाखवलं नाही. जेवायला हाक मारली की ह्यांचं उत्तर, "ताई आली की येतो." गाडी कुठे निघाली की पुढची सीट वन्संची. गाडी त्या चालवत असल्या तर पुढची सीट ह्यांची. दोन्ही हिशेबांनी मी मागे, पिशव्यांबरोबर.

वन्संची काम करायची एक रीत होती. नारळाच्या चार करवंट्या घ्यायच्या आणि एकेक करवंटी एकेका चाकापाशी ठेवायची. त्या चाकाचे नट त्याच करवंटीत. मी एकदा अंगण झाडताना दोन करवंट्या एकात एक घातल्या. वन्संनी सगळे नट फरशीवर ओतून एकेक हातात घेऊन, नखाने टिचकी मारून, पुन्हा दोन करवंट्यांत वाटले. अर्धा तास लागला. मी समोर उभी होते. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आमच्याकडे खारं वारं, लोखंड टिकत नाही. नट जागीच गंजून बसतात. ह्यांचं आपलं जोर लावणं, शिव्या देणं सुरू. वन्सं म्हणत, "गंजलेल्या नटाशी भांडायचं न्हाय रं बालू. त्याला तेल पाजायचं आनि आपन जेवायला जायचं." आणि खरोखरच जेवायला येत. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. जेवून गेल्या की नट सुटे. मी खिडकीतून बघत असे, आज सुटू नये म्हणून. सुटायचाच.

ब्रेकचं खूळ कसं निघालं तेही सांगायला हवं. एका पावसाळ्यात उधाणाचं पाणी खाडीतून रस्त्यावर आलं. हे त्यातून गाडी घेऊन आले आणि वळणावर ब्रेक दाबला तर गाडी थांबली नाही. शेजाऱ्याच्या वाडीचं कुंपण तोडून आत सुपारीच्या झाडाला जाऊन टेकली. शेजारी म्हणाला, "बालूशेठ, फाटक हाय की तिकडं." हे आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत.

वन्संनी ड्रम उघडून बघितला आणि म्हणाल्या, "ही गाडी थांबत न्हाय. तिच्या हातापाया पडावं लागतं. डिस्क लावू या."

मला काही कळलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं. स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्यावरचा डबा उचलला. "हा बघ ड्रम. आत दोन बूट असतात, ते फाकून डब्याला आतून घासतात. पानी आत गेलं की गुळगुळीत. ते लवकर भायेर बी येत न्हाय." मग टोपलीतली भाकरी दोन बोटांत धरली. "ही डिस्क. उघडी चकती. दोन्ही बाजूंनी चिमटा धरतो. पानी उडून जातं, गरमी निघून जाते. समजलं?"

समजलं होतं. एवढं सोपं करून चाळीस वर्षांत मला गाडीबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "ती भाकरी आता तुम्हीच खा. तेलाचे हात लागलेत तिला." वन्संनी उभ्या उभ्या खाल्ली.

सामान आणायला बहीण-भाऊ मांडव्याहून बोटीने मुंबईला गेले. मीही येते म्हटलं. हे म्हणाले, "तू काय करणार भंगार बाजारात?" मला भंगार बघायचं नव्हतं, बोटीत बसायचं होतं. संध्याकाळी दोघं हसत परतले. हातात जड पिशवी. वन्संनी वर्तमानपत्र सोडून दोन लोखंडी चकत्या बाहेर काढल्या, दुसऱ्या कुठल्या छोट्या गाडीच्या. "बघ गो कमळ, कशा चकचकीत हायत. ताटासारख्या."

"यांत जेवता येतं का?" मी विचारलं.

वन्सं इतक्या हसल्या की ह्यांनाही हसावं लागलं. माझा टोमणाही त्यांनी आपलासा करून टाकला. नंतर येईल त्याला चकत्या दाखवून सांगत, "आमची कमळ इचारते, यांत जेवता येतं का!"

चकत्या या गाडीसाठी बनवलेल्या नव्हत्या, म्हणून चिमटा धरायला एक जाड ब्रॅकेट करावा लागणार होता. वन्संनी तो आधी पुठ्ठ्याचा कापला. चाकाला लावून बघ, कातर, पुन्हा लाव. असे पाच पुठ्ठे झाले. पुठ्ठा माझ्या दिवाळीच्या साडीच्या खोक्याचा होता. साडी त्यांनी नीट घडी करून कपाटात ठेवली होती, त्यामुळे भांडायचीही सोय राहिली नाही. सहावा पुठ्ठा बरोबर बसला. अलिबागच्या लेथवाल्याने त्यावरून पोलादाचा ब्रॅकेट कापला, चाकाचा मधला हब घासून दिला आणि विचारलं, "हा नमुना कुठल्या इंजिनियरने काढला?" हे गावभर सांगत फिरले. माझ्या हातच्या मोदकांबद्दल ह्यांनी घराच्या कुंपणाबाहेर कधी कोणाला काही सांगितलेलं मला आठवत नाही.

सगळं बसलं. राहिलं फक्त नळ्यांतली हवा काढणं. ब्रेकच्या नळीत तेल असतं. त्यात हवा राहिली तर पाय दाबल्यावर हवाच दबते, चाकापर्यंत जोर जात नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पॅडल दाबून धरतो. दुसरा चाकापाशी नळीच्या टोकाची बारीक बोंडी सैल करतो, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात, की लगेच आवळतो. आवळेपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाते.

त्या दिवशी वन्सं सीटवर आणि हे चाकापाशी. मी स्वयंपाकघरात. अंगणातून आवाज येत होता, "दाब. धर. सोड." पुन्हा, "दाब. धर. सोड." दोन तास. लग्नानंतर हा माणूस माझ्याशी इतका वेळ सलग बोलला नव्हता. आणि बोलायला शब्द तीनच होते.

तीन चाकं झाली आणि वन्संचा गुडघा धरला. उतरून ओटीवर येऊन बसल्या. मी हात पुसत बाहेर गेले आणि म्हटलं, "शेवटच्या चाकाला मी बसते."

हे म्हणाले, "तुला नाही जमायचं."

वन्सं म्हणाल्या, "का न्हाय जमायचं? पाय तिला बी हायत." मग मला म्हणाल्या, "एकच ध्यानात ठेव. तो सोड म्हनल्याशिवाय पाय उचलायचा न्हाय. जमीन फाटली तरी न्हाय."

मी पुढच्या सीटवर बसले. स्टिअरिंग हातात धरलं. हे खालून म्हणाले, "दाब." मी दाबलं. "धर." मी धरलं. "सोड." सोडलं. मला ते इतकं आवडलं की सांगायला लाज वाटते. तीन वेळा झालं. चौथ्या वेळी मी धरून बसले होते, पाय थोडा थरथरला, आणि हे चाकाखालून म्हणाले, "ताईचा पाय कसा दगडासारखा असतो. तुझा हलतोय."

मी पाय उचलला. चुकून नाही, ठरवून. पुन्हा दाबायला सांगितलं, मी दाबलं आणि पुन्हा आधीच उचलला. शेजारच्या वाडीत पाण्याचा पंप चालू होता, ह्यांना काही कळलं नाही. मला कळलं. पॅडल कणकेत पाय घातल्यासारखं मऊ झालं होतं.

"कसं लागतंय?" ह्यांनी विचारलं. "कडक आहे ना?"

खरं सांगितलं असतं तर वन्संना पुन्हा हाक गेली असती आणि मी पुन्हा चुलीपाशी.

"कडक," मी म्हटलं.

वन्संनी रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. पाय दोनदा मारला की ब्रेक लागत होता. उतरून म्हणाल्या, "जरा खाली जातोय पाय. चिमट्यातले पॅड नवीन हायत, बसतील घासून." मग थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. "कमळ, शेवटच्या चाकाला पाय टिकला ना गो?"

"टिकला."

"तू म्हनतेस ना? मग झालं."

ही बाई भावाने आवळलेला नट पुन्हा आवळून बघणारी. लेथवाल्याचं माप पुन्हा मोजणारी. त्या एका दिवशी तिने तपासलं नाही, कारण सांगणारी मी होते.

दुसऱ्या दिवशी पोयनाडचं लग्न, आणि परतताना खिंड. उतारावर ब्रेक मारून मारून चाकं तापली, मी आत घेतलेली हवा फुगली, आणि पॅडल तळाला गेलं.

गाडी ओढून अंगणात आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्सं, स्टिअरिंग लागून छाती निळी झालेली असतानाही, त्या चाकापाशी बसल्या. बोंडी सैल केली, ह्यांना पॅडल दाबायला सांगितलं. तेलातून बुडबुडे आले, फस् फस् करत. वन्संनी मान वर केली. मी दारात उभी होते, कपाळाला पट्टी. आम्ही एकमेकींकडे बघितलं. त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

"काय निघालं ताई?" ह्यांनी विचारलं.

"तू आवळलेली बोंडी मी नंतर उघडून बघितली आनि नीट आवळली न्हाय. हवा घेतली. माझी चूक."

तेव्हा मी ह्यांना बहिणीवर ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. "सत्तरी उलटली, नजर गेली, तरी हौस जात नाही! मारणार होतीस तिघांना! यापुढे गाडीला हात लावायचा नाही." वन्संनी पाने पुसले, फडक्यांत गुंडाळले, ट्रंकेत ठेवले. करवंट्या चुलीपाशी आणून दिल्या, जळणात घालायला.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. सकाळी अंगण रिकामं. हे जेवायला वेळेवर. अलिबागच्या माणसाने गाडीचा पत्रा ठोकून दिला, ब्रेकची हवा काढून दिली आणि पुढच्या सीटवर मी बसू लागले. वन्सं ओटीवर बसून तांदूळ निवडत. निवडताना नखाने दाण्याला टिचकी मारत. आणि मला मत्सर पूर्वीपेक्षा जास्त वाटे. पाने ठेवले तरी त्या माझ्यापेक्षा मोठ्याच राहिल्या. माझ्याकडे लपवायला खोटं होतं, त्यांच्याकडे ठेवायला माझं गुपित होतं. त्याही बाबतीत त्याच वरचढ.

पाच-सहा महिन्यांनी मला सोसेना. हे बाजारात गेले होते. मी ओटीवर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "वन्सं, पाय मी उचलला होता."

"म्हाईत हाय."

"मुद्दाम उचलला."

तांदूळ निवडायच्या थांबल्या. "ते बी म्हाईत हाय. चुकून उचलला तर एकदा हवा येते. तिथं दोनदाची होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बालू मला चार दिवस बोलला. तुला जलमभर बोलला असता." सूप बाजूला ठेवलं. "पर कमळ, मी इचारलं तवा तू टिकला म्हनालीस. पाय उचललास त्याचं मला काय न्हाय. त्या टिकलाचं हाय."

मी रडले नाही. त्याही समजूत घालायला आल्या नाहीत. उठल्या, ट्रंक उघडली आणि एक खोकं काढलं. मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलचा जोर नळ्यांतल्या तेलाला देणारा डबा, दोन कप्प्यांचा. गाडीतल्या जुन्यात चारही चाकांना एकच कप्पा, एका चाकात हवा शिरली की चारही गेली. नव्यात पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी. गाडीला हात लावायची बंदी असताना बाईने तो कधी आणून ठेवला, देव जाणे.

"बालू यायच्या आत व्हायला पायजे," त्या म्हणाल्या. "बस सीटवर."

सिलिंडर त्यांनी बसवला, मग चारही चाकांची हवा आम्ही दोघींनी काढली. मी वर, त्या खाली. "दाब. धर. सोड." शेवटच्या चाकाला, तेच चाक, त्या म्हणाल्या, "दाब." मग, "धर." आणि पुढचा शब्द येईना. माझी पोटरी दुखायला लागली. मांडी थरथरायला लागली. खालून आवाज नाही. पंप नाही, वारा नाही. मला वाटलं, म्हातारी गेली की काय. पण पाय उचलला नाही. घामाने स्टिअरिंग निसटायला लागलं, तरी उचलला नाही.

पुष्कळ वेळाने खालून आलं, "सोड."

बाहेर आल्या, फडक्याला हात पुसले. बोट नाकाशी नेऊन तेल हुंगलं, नेहमीसारखं. "झाला कडक," एवढंच म्हणाल्या. हे आले तेव्हा आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. ह्यांनी गाडी बाहेर काढली आणि म्हणाले, "आज ब्रेक फार छान लागतोय. पॅड बसले वाटतं." वन्संनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या थंडीत वन्सं तापाने गेल्या. तीन दिवस ताप आणि संपल्या. अलिबाग, पेण, पनवेलपासून गॅरेजवाले आले. काळ्या नखांची माणसं, रांगेने पाया पडून गेली. माझ्या वेळी शेजारीपाजारी येतील, आणि तेही रविवार असला तर. हे मला तेव्हा, प्रेतापाशी बसून वाटलं. वाटलं ते लिहिते.

हे त्यानंतर घरात उतरलेल्या पाहुण्यांना गाडी दाखवत आणि सांगत, "आमची ताई मोठी कारागीर, पण म्हातारपणी एक चूक केली तिने. बोंडी सैल ठेवली." दर वेळी. मी चहा देऊन आत जायची. मेलेल्या माणसाच्या हातातून आयुष्यात एक बोंडी सैल राहिली, असं गावात झालं. ती राहिली नव्हती.

परवा मुंबईचे पाहुणे आले होते. ह्यांनी सुरुवात केली, "एक चूक केली तिने..." मी ट्रे खाली ठेवला आणि पाहुण्यांसमोर म्हटलं, "चूक वन्संची नव्हती. मी पाय उचलला होता. मुद्दाम."

पाहुणे उठून समुद्रावर गेले. ह्यांनी विचारलं, "तिला माहीत होतं?"

"होतं."

मला वाटलं, आता बोलतील. बोलून घ्यावं, असं मला हवंही होतं. हे उठले. गाडीत जाऊन बसले, स्टिअरिंगवर डोकं ठेवलं आणि बहिणीसाठी रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे. माझ्यासाठी हा माणूस कधी असा रडणार नाही. मी दारातून बघत होते आणि मला मेलेल्या बाईचा हेवा वाटत होता.

खिंडीत त्या दिवशी गाडीत आम्ही तिघं होतो. इंदूवन्संनी गाडी थांबवली. तिघंही जिवंत घरी आलो.